दुसरा पडदा



धर्मगुरूंकडे माणसे कोणकोणते प्रश्न घेऊन येतात ह्याची कोणी नोंद ठेवली, तर ती वही मोठी वाचनीय होईल. शेताचा बांध, मुलीचे स्थळ, दवाखान्याची चिठ्ठी, शाळेचा दाखला हे सारे जुने प्रश्न. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘फादर, लॅपटॉपला जोडायला मोठा मॉनिटर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?’ गेल्या वर्षभरात निदान पाच-सहा घरांतून आम्हांस हे विचारण्यात आले. विषय ह्या पानास थोडा परका वाटेल. परंतु दहा-बारा हजार रुपये ही आपल्या घरांत लहान रक्कम नव्हे. शिवाय दुकानातली भाषा उमगत नाही म्हणून आपली माणसे संकोचाने मान डोलावतात आणि नको ती वस्तू घेऊन घरी येतात. म्हणून आज ह्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ह्या प्रश्नाची खरी निकड आम्हांस समजली ती कडोदऱ्यास. नवापूर तालुक्यातील आमची कित्येक कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरत जिल्ह्यात जाऊन राहिली आहेत. नवापूरचे रेल्वेस्थानकच असे की त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. तेव्हा सीमा ओलांडणे आमच्या लोकांस कधी परदेशगमन वाटले नाही. गाडी सोनगड, व्यारा, बारडोली करीत चलथाणला पोहोचते आणि तेथून कडोदरा रिक्षेच्या टप्प्यात आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तो तेथला चार रस्ता. एका अंगास उसाचे मळे व चलथाणचा सहकारी साखर कारखाना, तर दुसऱ्या अंगास कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्यांची धुराडी. आजोबा कोयता घेऊन ऊसतोडीस आले, वडील रंगाच्या गिरणीत लागले, आणि नातू आता लॅपटॉपवर साड्यांचे काठ व पदर रेखाटतो, अशी घरे तेथे आम्ही पाहिली आहेत.

त्यांपैकी एका घराची हकीकत सांगितल्यावाचून पुढचे विवेचन कोरडे होईल. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. दिवसा एका व्यापाऱ्याकडे नोकरी आणि रात्री घरी बसून दुसऱ्यांची सुटी कामे. लॅपटॉप जुना, कोणाकडून तरी विकत घेतलेला. एका व्यापाऱ्यासाठी त्याने डाळिंबी रंगाच्या साडीचे चार नमुने केले. गिरणीतून छापून आलेला कापडाचा तुकडा मात्र विटकरी निघाला. व्यापाऱ्याने चारही नमुन्यांचे पैसे अडविले. मुलगा म्हणाला, दोष गिरणीचा. गिरणीवाले म्हणाले, तुमच्या फाइलीत जे होते तेच आम्ही छापले. वडिलांनी उभा जन्म रंगाच्या वाफेत काढलेला. ते सहज बोलून गेले, ‘अरे, मशीन खोटं बोलत नाही. दिलं तेच छापतं.’ झाले! मुलाच्या मनाने घेतले की बाप परक्यांची बाजू घेतो आणि आपल्याला लबाड ठरवितो. दहा बाय बाराच्या त्या खोलीत बापलेकांचा अबोला धरून सोळा दिवस झाले होते. जेवणाचे ताट पुढे आले की मुलगा दाराकडे तोंड करून बसे. आई आम्हांस म्हणाली, ‘फादर, घरात चार माणसं, आणि बोलायला मी एकटी.’

आम्ही लॅपटॉप उघडावयास सांगितला. तो डाळिंबी काठ पडद्यावर होताच. आम्ही काही न बोलता झाकण थोडे मागे कलविले, मग पुढे ओढले. डाळिंबी रंग एकदा काळपट झाला, एकदा फिका गुलाबी. मग तीच फाईल मुलाने आमच्या मोबाइलवर पाठविली, तर तेथे रंग स्पष्टपणे विटकरीकडे झुकलेला! वडील चष्मा पुसून दोनदा वाकून बघते झाले. मुलाने रंग निवडला होता प्रामाणिकपणे, परंतु ज्या पडद्यावर निवडला तो पडदा निळसर होता. निळसर काचेतून विटकरी लाल पाहिला तर तो डाळिंबी भासणारच. म्हणजे गिरणीचे म्हणणे खरे होते आणि मुलाचेही खोटे नव्हते.

ह्यामागचे कारण थोडक्यात असे. आजच्या बहुतेक पडद्यांत मागे दिवा असतो आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. हे स्फटिक जसे वळतात तसा प्रकाश अडतो किंवा सुटतो. स्वस्त व जुन्या लॅपटॉपांत ‘टीएन’ नावाची जात पुष्कळदा आढळते. तीत डोळ्यांचा कोन बदलला की रंग बदलतो. दुसरी जात ‘आयपीएस’. जपानच्या हिताची कंपनीने १९९६ च्या सुमारास ती पुढे आणली. तीत स्फटिक काचेच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहिले तरी रंग फारसा ढळत नाही. तिसरी ‘व्हीए’. तिचा काळा रंग अधिक गडद असतो, म्हणून चित्रपट पाहण्यास ती बरी. परंतु रंग कोनागणिक आयपीएसपेक्षा अधिक सरकतो. ज्याचे पोट रंगावर आहे त्याने आयपीएस घ्यावा.

रंगाचे आणखी एक माप आहे. १९९६ मध्येच एचपी आणि मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांनी पडद्यावरील रंगांसाठी ‘एसआरजीबी’ नावाची एक सामाईक मर्यादा आखली, आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एसआरजीबी ९९ टक्के’ असे काही छापलेले असते, त्याचा अर्थ ह्या मर्यादेतील जवळजवळ सर्व रंग तो पडदा दाखवू शकतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे आढळल्यास समजावे की एसआरजीबीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी रंग त्यात आहेत. दुकानदार हा आकडा आपण होऊन सांगत नाही. तो इंच सांगतो.

आणि इंचांवरूनच त्या घरात खरी चर्चा रंगली. अबोला सुटला होता, आईने भिशीचे बारा हजार रुपये डब्यातून काढून मांडले होते, आणि प्रत्येकाचे मत निराळे. वडिलांचा विचार सरळ होता: ‘फादर, बत्तीस इंची टीव्ही भिंतीवर आहेच. त्यालाच तार जोडली तर? नाहीतर नवा मोठा टीव्ही घेऊ. काम पण होईल आणि घरच्यांना बघायला पण होईल.’ मुलाच्या मनात सत्तावीस इंची, वक्र काचेचा, खेळांसाठी म्हणून जाहिरात होणारा मॉनिटर भरला होता. धाकटी बहीण परिचारिकेच्या परीक्षेचा अभ्यास त्याच लॅपटॉपवर करते. तिला कोणी विचारलेच नव्हते.

वडिलांचे म्हणणे काटकसरीचे होते, म्हणून त्याचे उत्तर आधी देणे भाग होते. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. साध्या ‘एचडी रेडी’ बत्तीस इंची टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. म्हणजे एका इंचात सुमारे ४९. चोवीस इंची ‘फुल एचडी’ मॉनिटरमध्ये १९२० बाय १०८० ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे ९२. टीव्ही आठ-दहा फुटांवरून पाहण्यासाठी केलेला असतो. तो हाताच्या अंतरावर आणला की अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. त्यातून पुष्कळसे टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात आणि दुकानात उठून दिसावे म्हणून रंग भडक करून ठेवतात. रंग तपासणाऱ्यास ह्याहून वाईट सोबती कोणता?

येथे आपल्या लिपीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी जाहिराती ती सांगत नाहीत. रोमन अक्षरे सुटी व उघडी असतात. आपल्या अक्षरांवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि पोटात जोडाक्षरे. ठिपके कमी पडले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ ह्यांत डोळा अडखळतो. आम्ही बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी संगणकावर उतरवून घेतो: पडद्याच्या डाव्या अर्ध्यात हस्तलिखित पानाचे छायाचित्र, उजव्या अर्ध्यात तक्ता. लॅपटॉपच्या पंधरा इंचांत हे दोन्ही ठेवले की एकदा हे झाकावे लागे, एकदा ते. दुसरा पडदा आल्यापासून तेच काम जवळजवळ निम्म्या वेळात होते. मराठी वाचणाऱ्याने इंचांपेक्षा ठिपक्यांकडे अधिक लक्ष द्यावे, हे आमचे मत त्या नोंदींनी घडविले आहे.

म्हणूनच मुलाच्या सत्तावीस इंचांविषयीही आम्ही त्यास थांबविले. सत्तावीस इंच वाईट नाहीत. परंतु त्याच्या रकमेत जो सत्तावीस इंची बसत होता तो फुल एचडीच होता. तेच १९२० बाय १०८० ठिपके सव्वापट जागेत पसरलेले, इंचाला सुमारे ८२. पातळ केलेले ताक भांडेभर दिसते, एवढेच. सत्तावीस इंच घ्यावयाचे तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा, तेथे इंचाला सुमारे १०९ मिळतात आणि काम फार सुखाचे होते. पण त्याची किंमत भिशीच्या बाहेर जात होती. ‘४के’ म्हणजे ३८४० बाय २१६० हे तर आणखी पुढचे. आणि जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय १.४ जोडणीतून तो पडदा सेकंदाला तीसच वेळा ताजा होतो. माउसचा बाण सुद्धा अडखळत चालतो.

‘मग हे १६५ हर्ट्झ, एक मिलिसेकंद?’ त्याने विचारले. ते धावत्या खेळांसाठी आहे. साडीचा काठ जागचा हलत नाही. त्याला ६० हर्ट्झ पुरतात, ७५ किंवा १०० सहज मिळाले तर नाकारू नये, पण त्यासाठी पैसा मोजू नये. वक्र काचेवर तर सरळ रेघ सरळ आहे की नाही हेच डोळ्यांस चटकन कळत नाही, आणि ह्याचे सारे पोट काठाच्या सरळ रेघेवर.

पैसा मोजावयाचा असेल तर तो पायावर मोजावा, असे आम्ही आवर्जून सांगतो. आणि लोक हमखास तेथेच वाचवितात. स्वस्त मॉनिटरचा पाया फक्त मागेपुढे कलतो. वर-खाली होणारा पाया असेल तर एकच पडदा उंच भाऊ आणि ठेंगणी बहीण दोघांस चालतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर हात लांब केला तर बोटे टेकतील एवढे. लॅपटॉपवर तासन्‌तास वाकून बसणाऱ्याची मान भात लावणाऱ्यासारखी धरते. बहिणीने हळूच सांगितले की तिची मान गेले दोन महिने धरलेली आहे. तिने हे घरात सांगितले नव्हते, कारण खर्च निघाला असता. ज्यांस आमच्यासारखी चाळिशी लागली आहे आणि भिंगांचे दोन भाग असलेला चष्मा आहे, त्यांनी पडदा आणखी थोडा खाली ठेवावा. नाहीतर खालच्या भिंगातून बघण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान उलट्या बाजूने दुखते. पाया वर-खाली होणारा परवडत नसेल तर मागे चार भोके आहेत का ते पाहावे, १०० बाय १०० मिलिमीटर अंतराची. पुढेमागे भिंतीवरचा हात त्यांस बसविता येतो. तेही नसेल तर खाली जाड वह्यांची चळत ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही.

जोडणीकडे वळू. लॅपटॉपला कोणते छिद्र आहे हे घरून निघण्यापूर्वी पाहून जावे. एचडीएमआय असले की प्रश्न मिटला. जुने निळे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीए १९८७ पासूनचे आहे. त्याने चित्र येते, पण अक्षरे धुरकट होतात. यूएसबी-सीच्या बाबतीत मात्र जपावे: दिसायला सारी छिद्रे सारखी, परंतु प्रत्येकातून चित्र जातेच असे नाही. छिद्राजवळ किंवा माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’चा उल्लेख आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपात ती सोय असेल तर एकाच तारेतून चित्र जाते आणि लॅपटॉपला वीजही मिळते, पण तशा मॉनिटरला अधिक किंमत पडते. आमच्या ह्या मुलाच्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नव्हता.

दुकानात जाताना आम्ही त्यास तीन वस्तू बरोबर नेण्यास सांगितल्या: स्वतःचा लॅपटॉप, तो वादग्रस्त विटकरी तुकडा, आणि एक मराठी मजकुराचे पान. वडील स्वतःहून म्हणाले, ‘मी पण येतो.’ रंगाच्या बाबतीत चाळीस वर्षांचा डोळा फुकट मिळत असेल तर तो सोडू नये. दुकानात पडदा चालू करून बाजूने, वरून, खालून पाहावा. नंतर पूर्ण पांढरे, पूर्ण करडे आणि पूर्ण काळे पान लावून एखादा ठिपका मेलेला आहे का ते शोधावे, कारण एक-दोन मेलेले ठिपके बऱ्याच कंपन्या दोष मानीत नाहीत आणि मागाहून वाद घालून उपयोग होत नाही. काच चकचकीत नसावी. कडोदऱ्याच्या खोल्यांत दार हीच खिडकी, आणि चकचकीत काचेत दारातला उजेड बसतो. बिल पक्के घ्यावे. पुष्कळ कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, पण बिलावाचून ती कागदावरच राहते. करासाठी पूर्वी बत्तीस इंचांची रेघ होती: त्यापर्यंत १८ टक्के व वरच्यावर २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांसही १८ टक्केच लागतात. कोणी दुकानदार जुना दर सांगू लागला तर त्यास तारीख सांगावी.

शेवटी चोवीस इंची, आयपीएस, एसआरजीबी ९९ टक्के लिहिलेला, वर-खाली होणाऱ्या पायाचा मॉनिटर त्यांनी घेतला. उरलेल्या पैशांत साधा कीबोर्ड व माउस आला. हे दोन विसरू नयेत. लॅपटॉपचेच बटण दाबत मोठ्या पडद्याकडे पाहिले तर मान वाकडीच राहते. घरी आल्यावर ‘विंडोज’ आणि ‘पी’ ही दोन बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे, म्हणजे दोन पडद्यांवर दोन निरनिराळी कामे चालतात. ‘डुप्लिकेट’ ठेवले तर दोन्हींवर तेच चित्र उमटते, आणि मग दुसरा पडदा घेतलाच कशाला?

रंगासाठी मॉनिटरची छटा ६५०० केल्व्हिनवर ठेवावी आणि रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ची सोय रंग निवडताना बंद करावी, अभ्यासाच्या वेळी खुशाल चालू असू द्यावी. रंग मोजून पडदा नेमका करणारे कॅलिब्रेटर यंत्र मिळते. एकट्याने घेण्यासारखी त्याची किंमत नाही, परंतु एका वस्तीत हेच काम करणारी पाच-सहा मुले असतील तर सामाईक घेण्यासारखे ते आहे. तरीही एक भेद कायम राहणार. पडद्याचा रंग हा उजेडाचा, कापडाचा रंग हा रंगद्रव्याचा. पॉलिस्टरवर डाळिंबी कसा चढेल हे कापड, वाफ आणि रंगाचा घाणा ठरवितात. म्हणून शेड कार्ड जवळ ठेवून जुळवावे आणि छापील नमुन्याचा तुकडा हाती येईपर्यंत व्यापाऱ्यास शब्द देऊ नये.

दीड महिन्याने आम्ही पुन्हा त्या बाजूस गेलो होतो. व्यापाऱ्याने चारांपैकी दोन नमुने दुरुस्त करून घेतले व त्यांचे पैसे दिले. उरलेल्या दोहोंचे बुडाले ते बुडालेच. नव्या कामाचा तुकडा त्याच दिवशी आला होता. वडिलांनी तो दारात उन्हात धरला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा तुकड्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अजून थोडा लाल कमी पडतो.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, ते फाइलीत नाही, तुमच्या घाण्यात आहे.’ त्यावर वाफेच्या उष्णतेविषयी त्या दोघांचा जो वाद सुरू झाला तो आमचा चहा संपला तरी चालू होता. रात्री नऊ ते अकरा पडदा बहिणीचा असे ठरले आहे. ती पाया खाली करून घेते, भाऊ वर. टीव्ही भिंतीवर जागच्या जागी आहे. मॉनिटरचे खोके मात्र आईने थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवले आहे. भाड्याची खोली कधी सोडावी लागेल ह्याचा नेम नाही, आणि टेम्पोत भांड्यांशेजारी काच उघडी नेता येत नाही.